अर्ध्या वर्दीतला मुलगा

बाबा, परवा तुमच्या तिथीला मी गंगेवर, पंचगंगा घाटाला गेले होते. मुलीने सोडलेलं पाणी पितरांपर्यंत पोचतं की नाही, यावर आपल्या गल्लीतल्या शास्त्रीमंडळींचा वाद अजून मिटलेला नाही. तो मिटेपर्यंत मी आपली दरवर्षी सोडून घेते. पहाटे बिजली गेलेली. जिन्याखाली चाचपडत चपला पायांत सरकवल्या आणि सवयीने दाराजवळच्या तुमच्या आरशात बघितलं. अंधारात तो तरी काय दाखवणार. मला कॉलेजात संस्कृत शिकवायची नोकरी लागली तेव्हा तुम्ही तो दिलात, आठवतं? इतर मुलींना बाप कुड्या करतात. मला पलटणीच्या गेटवर असतो तसला आरसा मिळाला, बाहेर पडणाऱ्या जवानाने टोपी, पट्टा, बटणं बघून घ्यावीत म्हणून लावलेला असतो तसला, आणि तोसुद्धा कमरेपर्यंतचा. वर तुम्ही मला ऐकवलंत की आरसा कुणावर ओरडत नाही, म्हणून त्याचं सगळे ऐकतात. आई म्हणाली, "मग घरात तुमच्याऐवजी दोन आरसे लावू."

घाटावर पोचले तोवर उजाडलं होतं. थंडी चांगलीच होती. माझं पाणी सोडून झालं, चपला घालून मी वरच्या पायऱ्यांवर टेकले, आणि खाली एक मुलगा दिसला. वडिलांच्या अस्थी घेऊन आलेला, गाजीपूरकडचा, सोबत एक थकलेले काका. डोक्याचं ताजं मुंडन. आणि बाबा, कमरेच्या वर फौजेचा हिरवा ठिपक्यांचा शर्ट, डोक्यावर बेरेट, आणि कमरेच्या खाली ओला गमछा. पंड्याने सांगितलं असणार की पट्टा काढ, बूट काढ, चामडं चालत नाही, पाण्यात उतरायचंय तर पॅन्टही काढ. त्या गरीब मुलाने सांगितलं तेवढं केलं आणि सांगितलं नव्हतं तेवढं अंगावर ठेवलं. मुंडनामुळे बेरेट सैल झालेली, सारखी कानावर घसरत होती. एका हातात लाल कपड्यात बांधलेला कलश, दुसऱ्या हाताने तो टोपी वर ढकलायचा.

तुम्ही असतात तर डोळे मिटून घेतले असतेत. मला तर पहिल्यांदा हसूच आलं, कारण मला तुम्ही दिसलात. छावणीतलं ते दोन खोल्यांचं क्वार्टर. तुम्ही पलटणीचे पंडितजी, सरकारी भाषेत धर्मगुरू. सकाळी सोवळं नेसून देवळात आरती, मग वर्दी चढवून परेडला. परेडवरून आलात की भूक अनावर, आणि आईच्या स्वयंपाकघरात चामड्याला प्रवेश नाही. मग तुम्ही उंबऱ्याशी बूट काढता, पट्टा काढता, शर्टावरच पंचा गुंडाळता आणि पाटाकडे सरकू बघता. आई तव्यावरून नजर न उचलता म्हणते, "शास्त्री यायचेत की सुभेदार, एक काय ते ठरवा. अर्ध्यामुर्ध्या माणसाला मी वाढत नाही." तुम्ही निमूट मागे फिरता, सगळी वर्दी उतरवता, धोतर नेसून येता, तेव्हा थालीपीठ मिळतं. पुढे हेच तुम्ही नव्या रंगरुटांना शिकवू लागलात की एका वेळी एकच वेश, मंदिरात मंदिराचा, परेडला परेडचा. साऱ्या पलटणीत तो पंडितजींचा नियम म्हणून गाजला. मूळ वचन कुणाचं हे तुम्ही कधी सांगितल्याचं माझ्या कानावर नाही.

तर मी हसत होते, आणि तेवढ्यात माझ्या मागच्या पायरीवरून आवाज आला. "ए लड़के! ये क्या तमाशा है?" उंच, ताठ, साठी ओलांडलेले एक गृहस्थ. माकडटोपी, मफलर, आणि आवाज असा की पलीकडच्या तीरावरची वाळू सावध व्हावी. "ऊपर वर्दी, नीचे गमछा? किसने दी तुझे वर्दी? फर्जी है ये. नाम बोल! यूनिट बोल!"

हल्ली ठिपक्यांचा कपडा घालून फौजी म्हणून मिरवणारे तोतये पकडल्याच्या बातम्या येत असतात, तेव्हा त्यांचा संशय अगदीच हवेतला नव्हता. पण फर्जी हा शब्द ऐकला आणि घाटावरचे मोबाइल वर आले. दोन तरुण तर पायऱ्या उतरून अगदी जवळ गेले. एक म्हणतो, "चाचा, जरा फिर से बोलिए, आवाज नहीं आयी." पंडा वैतागला, "अरे पहले जजमान का काम होने दीजिए, पुलिस-उलिस बाद में." काका हात जोडून म्हणत होते, "असली है बाबूजी, अभी कसम परेड हुई है इसकी," म्हणजे जवान होतानाची शपथ, पण ते इतक्या हळू, की ते बहुधा गंगेलाच सांगत असावेत.

आणि तो मुलगा, बाबा, गुडघाभर पाण्यात, हातात बापाच्या अस्थी घेऊन, सावधान उभा राहिला. टाच टाचेला. वरून आवाज आला की शरीराने ऐकायचं, एवढंच त्याला अजून शिकवलेलं. तोंडातून मात्र शब्द फुटत नव्हता. पंडा म्हणतोय सोड, सोड; कलश सोडला तर हुकूम मोडतो, आणि हुकूम पाळला तर बाप तसाच हातात राहतो. वडिलांचा हा शेवटचा क्षण, आणि दुपारपर्यंत तो बघणार कोण, तर खोटा फौजी पकडला म्हणून सगळा जिल्हा.

मला चाटवाल्याचा ठेला आठवला. सदर बाजार, मी असेन दहा-एक वर्षांची, तुमचं बोट धरून. एक जवान वर्दीत उभा राहून गोलगप्पे खातोय, गळ्याचं बटण उघडं, टोपी खांद्याच्या पट्टीत खोचलेली, मिशीला चिंचेचं पाणी. तुम्ही थांबलात. मला वाटलं, आता बोलणार. तुम्ही माझ्यादेखत स्वतःच्या खिशाचं बटण काढलंत, त्याच्याशेजारी जाऊन उभे राहिलात आणि म्हणालात, "राम राम बेटा. जरा देखना, मेरी जेब का बटन खुला तो नहीं?" त्याने द्रोण ठेवला, हात पुसले, तुमचं बटण लावून दिलं, आणि मग त्याचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याकडे गेला. टोपी डोक्यावर आली. मिशी पुसली गेली. मी मोठ्याने म्हणाले, "पण बाबा, बटण तर तुम्हीच काढलंत." तो मराठी नव्हता, म्हणून निभावलं. रस्ताभर तुम्ही मला एक अक्षर बोलला नाहीत. घरी आल्यावर, स्वयंपाकघरात, आईसुद्धा बाहेर गेल्यावर, तुम्ही मला पाटावर बसवलंत. मी विचारलं, सरळ का नाही सांगितलंत त्याला? तुम्ही म्हणालात, "सरळ सांगायला साहेब लोक आहेत. मी पंडित. उद्या त्याच्या घरून तार आली तर रडायला तो माझ्याकडे येणार. आज बाजारात त्याची मान खाली घातली, तर उद्या तो कुठे जाईल?"

हे सगळं आठवायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी उठले होते. पहिल्यांदा जाऊन त्या दोन मोबाइलांच्या समोर उभी राहिले, नदीकडे तोंड करून. माझी पाठ गेल्या काही वर्षांत बरीच ऐसपैस झाली आहे; तिचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. मागून कुणी म्हणालं, "आंटी, थोड़ा साइड." मी म्हटलं, "बेटा, घुटने में दर्द है, हिला नहीं जाता." मग त्या गृहस्थांना नमस्कार केला.

"सूबेदार साहब, जय हिंद."

ते गडबडले. आवाज एकदम दोन पायऱ्या खाली आला. "हवलदार. हवलदार से रिटायर हुए हैं, बहनजी. सूबेदार नहीं."

"माफ कीजिए. मेरे पिताजी पलटन में पंडितजी थे, फिर भी मुझे रैंक आज तक समझ में नहीं आए."

बाबा, रुद्र शिकण्याआधी मला खांद्यावरच्या फिती ओळखता येत होत्या हे तुम्हाला ठाऊक आहे. पण त्यांनी मला नाईक म्हणजे काय, हवलदार म्हणजे काय, मग नायब सुभेदार कसा, हे सगळं शांतपणे, अगदी आदराने समजावलं. चारचौघांत माझी चूक सुधारताना त्यांचा स्वर किती मऊ झाला होता ते त्यांचं त्यांनाच कळलं नसेल. समजावून झालं तेव्हा ओरडायला त्यांच्याजवळ श्वासच उरला नव्हता.

मग ते म्हणाले, "लेकिन आप ही बताइए, ये कोई तरीका है?"

"तरीका नहीं है," मी म्हटलं. खरंच नव्हता, त्यांची तक्रार चुकीची नव्हती, फक्त जागा चुकली होती. "आपकी बात सही है. इसको बताने वाला कोई घर में रहा नहीं. आप बता दीजिए, पास जाकर."

ते माकडटोपी नीट करत पायऱ्या उतरू लागले. मीही, पाठ मोबाइलांकडेच ठेवून, बरोबर गेले. मुलगा अजून तसाच. मी त्याला म्हटलं, "बेटा, टोपी के अंदर किनारे पर चमड़ा लगा है. पंडाजी का ध्यान नहीं गया. अभी उतार दो, बाद में पहन लेना." पंडा लगेच म्हणाला, "हाँ हाँ, वही तो हम कह रहे थे." त्याने काहीही म्हटलं नव्हतं, पण तुम्ही म्हणायचात तसं, देवाच्या दारात ज्याला त्याला आपला मान घेऊ द्यावा.

मुलाने टोपी काढली. मग हवलदारांकडे बघत, अगदी हळू, म्हणाला, "पापा बोले थे, वर्दी में घर आना. टोपी लगाके. देखे नहीं." वडील शाळेची व्हॅन चालवायचे, काका म्हणाले. कसम परेडला यायचं म्हणून नवा कोट शिवला होता. तो शिंप्याकडेच राहिला.

हवलदारांनी हात पुढे केला. मुलाने शर्ट काढून दिला, आणि त्यांनी तो ओल्या पायरीवर टेकू न देता, पुढे धरलेल्या हातावर घडी करून घेतला, वर टोपी ठेवली, आणि सगळा विधी होईपर्यंत तसेच उभे राहिले. उघड्या अंगाने, कुडकुडत, नुसता मुलगा होऊन त्याने अस्थी सोडल्या. मोबाइल केव्हाच खाली गेले होते. रडणाऱ्याचं चित्र घ्यायला त्या पोरांनाही जड गेलं, की माझ्या पाठीपलीकडे काही दिसेना म्हणून कंटाळले, कोण जाणे. मी पहिलं धरून चालते.

मग उलट्या घातलेल्या नावेच्या आडोशाला त्याने पॅन्ट चढवली, मोजे, बूट, पट्टा. हवलदारांनी बेरेटच्या मागची नाडी ओढून गाठ मारली, टोपी मुंडन केलेल्या डोक्यावर बसवली, बिल्ला डाव्या डोळ्याच्या वर आणला आणि दोन पावलं मागे जाऊन बघितलं. "अब ठीक है. अब दिखाओ पापा को." मुलगा पाण्याच्या काठाशी गेला. हवलदारांनी स्वतःची माकडटोपी काढून खिशात कोंबली, मफलर काढला आणि पुटपुटल्यासारखा हुकूम दिला, फक्त त्याला ऐकू जाईल एवढा. मुलाने सलाम केला. उघड्या डोक्याने सलाम करत नाहीत, म्हणून हवलदार त्याच्यामागे नुसते सावधान उभे राहिले. मीसुद्धा पोट आत घेऊन उभी राहिले. जमेल तेवढं.

तो वाकून त्यांच्या पाया पडायला लागला तेव्हा ते दचकले. "वर्दी में पैर नहीं छूते," म्हणाले, आणि सवयीने आवाज चढणार तेवढ्यात स्वतःच थांबले, आणि त्याला खांद्याला धरून जवळ घेतलं. तेही वर्दीत बसत नसावं. मी नदीकडे बघितलं.

मुलगा आणि काका गेले. मी पायऱ्या चढायला वळले, तर हवलदार मागून आले. "बहनजी, जरा देखिए तो. मेरे जूते का फीता तो नहीं खुला?"

मी वाकून बघितलं. उजव्या बुटाची नाडी सुटलेली होती. मघाशी, शर्ट हातावर धरून ते उभे होते, तेव्हा दोन्ही नाड्या दुहेरी गाठीत होत्या. तुमची मुलगी आहे, असलं माझ्या नजरेतून सुटत नाही. मी म्हटलं, "हाँ, खुला है." आणि तेवढ्यात माझी नजर त्यांच्या बुटावरून माझ्या पायांवर आली. एका पायात बाहेर जायची तपकिरी चप्पल. दुसऱ्यात न्हाणीघरातली निळी रबरी. घरापासून घाटापर्यंत, आणि सगळ्या शिस्तीच्या कारभारात, मी अशीच. मान वर केली तेव्हा हवलदार एकाग्र होऊन गंगेकडे बघत होते. मग त्यांनी वाकून नाडी बांधली, जय हिंद म्हणाले आणि वर निघून गेले.

बाबा, हे पत्र कुठे टाकणार मी? नदीत कागद सोडलेला तुम्हालाच खपला नसता. आरशाच्या मागे फटीत सरकवून ठेवते. एक मात्र सांगायचं राहिलं. ते पायऱ्या चढत होते तेव्हा हाक मारून विचारावंसं वाटलं, तुम्ही कोणत्या पलटणीत होतात, तिथले पंडितजी कोण होते. शब्द ओठांवर आले होते. विचारलं नाही. त्यांनी दुसऱ्याच कुठल्या पलटणीचं नाव सांगितलं असतं तर, एवढीच भीती होती.