डाव्या भिंतीवरची बाई

पहूर, ता. जामनेर
१८ एप्रिल १९६८

॥ नमो बुद्धाय ॥

तीर्थरूप सुकदेवदादास,
धाकट्या यादवचा सविनय जयभीम वि. वि.

आई, द्रौपदा आणि मुलं खुशाल आहेत. धुळ्याला तुमच्या शाळेच्या परीक्षा आटोपल्या असतील. जयंतीला तुम्ही जामनेरात दोन तास बोललात, त्याचं कवित्व इथे अजून चालू आहे. घोडदरीचं लेणं आपल्या पूर्वजांचं घर आहे, मग त्याची किल्ली परक्याच्या कमरेला का, असं तुम्ही गरजलात. दादा, लेण्याचा पहारेकरी मी, ती किल्ली माझ्या कमरेला असते. दुसऱ्या दिवशी झिपरूतात्यांनी चारचौघांत माझी कमर चाचपली. म्हणाले, कुठं शे रे किल्ली, परक्या? तात्यांची सासुरवाडी साक्रीकडची, चेष्टा करायची असली की तिकडची बोली काढतात. वस्ती हसली, मीही हसलो.

पण कामाचं लिहितो. बुद्धपौर्णिमा बारा मे, रविवारी आहे. पुरातत्त्व खात्याचा हुकूम आला: आत मेणबत्ती, उदबत्ती नाही, एका वेळी वीसच माणसं, पाचला दार बंद. मला हा हुकूम पटतो, हे तुम्हाला सांगायची हिंमत पत्रातच होते. डाव्या भिंतीवर भिक्षूला भिक्षा वाढणारी बाई आहे ना, तिचा चेहरा आणि हात खात्याच्या रसायनवाल्या साहेबांनी तीन हिवाळे बसून काजळीतून काढला. कापसाच्या बोळ्याने, दिवसाला तळहाताएवढा. खालचा भाग अजून काळाच आहे. साहेब सांगतात की माणसाच्या श्वासानेसुद्धा रंग सुटतो. तुम्ही लोकांना समजावलंत तर ऐकतील, माझं ऐकत नाहीत.

कृपा आहेच, ती अशीच राहू द्यावी.
आपला,
यादव

धुळे
२३ एप्रिल १९६८

चि. यादव यास,
सुकदेवचे आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र पोचलं. तुझ्या साहेबाला माझा एक प्रश्न विचार. चारशे वर्षं त्या लेण्यात गुराख्यांनी चुली पेटवल्या, शिकाऱ्यांनी ससे भाजले, तेव्हा ही दक्षता कुठे झोपली होती? आम्ही एक मेणबत्ती घेऊन आलो आणि भिंतीला धाप लागली! गोरा पाहुणा आला की दारात आरसा धरून सूर्य आत नेतात. आमच्या बाया आल्या की हुकूम दाखवतात. इथल्या वाचनालयात मी साठ वर्षांचे अहवाल वाचून काढले. खांब मोजलेत, कोनाडे मोजलेत. माणसांचा उल्लेख एकदाच येतो: स्थानिक लोकांचा उपद्रव. यादव, आपण दोघं तो उपद्रव आहोत.

ज्यांनी तो डोंगर पोखरला त्यांनी तो माणसांनी आत यावं म्हणून पोखरला. ज्या घरात कोणी शिरत नाही ते घर राहत नाही, त्याचं वारूळ होतं. देवळाच्या पायरीवरून हाकललेल्या आजीची नातवंडं आपण. आता आपल्याच दारात वीस-वीसने मोजून घ्यायचे?

तरी तुझी अडचण मी जाणतो. ज्यांना घर हवं त्यांनी ते राखून दाखवावं, हेही माझंच म्हणणं. म्हणून पत्रक छापून पाठवतोय. त्यात स्पष्ट लिहिलंय: सणाला आपल्या घराचं जे जे करता, ते ते सगळं या घराचं करा, खात्याच्या नोकराची वाट पाहू नका. आई आणि वस्तीतल्या बाया दोन मेला जातील. किल्ली त्यांच्या हाती दे. ही विनंती नाही, थोरल्या भावाचा शब्द समज.

साहेबाचं इतकं ऐकतोस, तेवढं बायकोचं ऐकलंस तर द्रौपदा मला दुवा देईल. मुलांना पापे.
लोभ आहे, तो वाढता ठेव.
तुझा,
सुकदेवदादा

पहूर
३ मे १९६८

ती. दादास,
जयभीम.



तुमच्या शब्दाप्रमाणे मी काल सकाळी आईच्या हाती किल्ली दिली. झाडलोट करायला हुकुमात मनाई नव्हती. मी स्वतः पौर्णिमेच्या बंदोबस्ताचा अर्ज घेऊन जळगावला गेलो. संध्याकाळी परत घोडदरीला पोचलो तेव्हा बाया पायरीवर बसून भाकरी खात होत्या. आईच्या केसांवर, भुवयांवर चुना होता. तिने मला आधी पाणी दिलं, मग म्हणाली, जा, आत पाहून ये, तुह्या सायबाले तीन वर्सांत जमलं नाई ते आमी दिसभरात केलं.

दादा, त्यांनी लेणं रंगवलं आहे. सणाला घर रंगवतात तसं. चुन्यात नीळ घातली आहे. चारही भिंती निळसर पांढऱ्या, आठही कोठड्या, बसायचे ओटेसुद्धा. आत इतका उजेड मी कधी पाहिला नव्हता.

मी डाव्या भिंतीपाशी गेलो. तिथेही तेच. वाटलं चुना काढता येईल, साहेब काढतील. म्हणून आईला हळूच विचारलं, की चुना नुसताच मारला ना? तर ती माझ्यावरच हसली. पोपड्यावर चुना धरत नाही हे तुला एवढं मोठं करून सांगावं लागतं का, म्हणाली. आधी ओल्या गोणपाटाने काजळी पुसली, मग पत्र्याने सगळे पोपडे खरवडले, मग दोन हात चुना. खरवडलेलं टोपलीत भरून नाल्यात टाकलं. मी नाल्यात उतरलो. ओल्या मातीत चिमूटभर लाल आणि एक पिवळा कण मिळाला, तो तांदळाएवढा आहे. पुडीत बांधून ठेवलाय.

रात्रभर आईला काही सांगितलं नाही. आज सकाळी सांगितलं. तिला पहिल्यांदा समजलंच नाही. मग म्हणाली, तो कागद द्रौपदाने वाचला तेव्हा सुकदेवनेच तर लिहिलं होतं, घराचं करता ते सगळं करा. मग उठून ओसरीवर गेली, अजून तिथेच आहे. जेवली नाही.

अहवाल मला उद्याच पाठवावा लागेल. साहेब विचारतील, किल्ली कोणी दिली, हात कोणी लावला. लेण्याला आता कायमचं कुलूप लागेल. मी काय लिहू?

यादव

धुळे
६ मे १९६८

चि. यादव,
आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. सुट्टीतला जादा तास होता, तो अर्धा सोडून मी घरी आलो. मुलांना वाटलं गुरुजींना चक्कर आली.

आपल्या घरात सणाला काय करतात हे मला माहीत नव्हतं का? लहानपणी आईबरोबर पोपडे मीच खरवडत असे. तरी मी ते वाक्य लिहिलं. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचून पाहिलं आणि त्याच्या नादावर खूश झालो. शब्द माझा होता, बाई आमची, भिंतही आमची. आता कोणाच्या नावाने गर्जू?

अहवाल गेला असेल तर दुसरा पाठव. जे झालं तेच लिही, शब्द कमी करू नकोस. माझं पत्रक सोबत जोड, माझं नाव आणि शाळेचा पत्ता दे. आईचं नाव लिहू नकोस. मी शनिवारी येतो. कुलूप लागू नये म्हणून जे करावं लागेल ते दारात उभा राहून मी करीन, तुझ्या हुकुमातला आकडा मीच लोकांना ऐकवीन.

आईला जेवायला घाल. मी रागावलेलो नाही असं सांग.
मोठेपणा सांभाळला नाही, तरी जवळ ठेव.
सुकदेव

पहूर
२० मे १९६८

चिरंजीव सुकदेवले मायचा आशीर्वाद.

मी सांगते तसं द्रौपदा लिहून राह्यली. यादवनं सोपं करून लिहिलं असतं, म्हनून त्याले लिहू देलं नाई.

पुनवेले तू दारात उभा राह्यला, आपलाच कागद लोकाइले वाचून दाखोला न म्हने चूक माही. वीस-वीस मानसं आत सोडले, मेनबत्त्या बाहेर लावाले लावल्या. मानसं उन्हात दार बंद व्हयेपर्यंत उभे राह्यले. झिपरू म्हने, सुकदेव आता सायबाचा झाला. मीबी ऐकलं, तूबी ऐकलं. तू खाली पाहून मोजत राह्यला. आता यादव सांगते, तू भाषनं सोडले. ते करू नको. तुह्या तोंडाले कुलूप लावून भिंत परत येत नाई.

यादवले चौकशी व्हयेपर्यंत घरी बसोलं हाय. माहं नाव त्यानं लिहिलं नव्हतं, ते मीच सायबाले सांगतलं न अंगठा देला. तू मले कागदातून काढून टाकत व्हता? रंगवलं मी, न नाव तुहं?

रसायनवाला सायेब परवा आला. मले वाटलं बोंबलंल. तो डाव्या भिंतीपुढे खाली बसला. मंग वही काढली न मले म्हने, माय, त्या भिंतीची काजळी पुसल्यावर तिचा खालचा भाग पाहेल मानूस जगात तुमी एकलेच हाय. खाली काय व्हतं, सांगा.

सुकदेवा, मी कोनालेच सांगतलं नव्हतं. गोनपाट फिरोलं तवा बाईच्या पायाजोळ एक पोर निंघालं. चार-पाच वर्साचं. एका हातानं मायचं लुगडं धरेल, न दुसरी मूठ भिक्षूपुढे लांबवेल. माय वाढून राह्यली म्हनून त्यालेबी वाढाचं व्हतं. रंग असा ताजा, जसा काल देलेला. मले हसू आलं. त्या भिंतीले माह्यासंग पुनाची मायच व्हती, तिले हाक मारली, पन तिच्या डोयाले दिसत नाई. मंग मी पत्रा घेतला न खरवडलं. पायापासून सुरू केलं.

सायबानं इचारलं, मुठीत काय व्हतं? मले आठवत नाई. दाने व्हते का फूल व्हतं, का रिकामीच मूठ व्हती. मी त्याले पाह्यलं न नीट पाह्यलं नाई. सायेब पुढच्या मंगळवारी चितारी घेऊन येनार हाय, मी सांगीन तसं तो काढनार. लेनं उघडं ठेवाचं का बंद, ते त्याच्या मंग ठरवतीन म्हने.

तू त्याच्या आदल्या सोमवारीच ये. माह्याजोळ बस न मले इचारत राय. तुले इचारता येते.

माया हाय ते हायच.
पार्वताबाई, निशानी अंगठा