लाल फडकं

उर्कोपाता, ९ जून १९९६

चि. सतुर्नीनास,

थोरल्या बहिणीचे अ. आ. लीमात जाऊन तू वेण्या कापल्यास असं ट्रकवाला मेल्चोर सांगत होता. आशीर्वाद कापलेल्या केसांनाही लागू पडतो म्हणून देतेय, नाहीतर दिला नसता.

मी बरी आहे. मका काढून झाला, अंगणात वाळत पडलाय. गुडघा कुरकुरतो, पण माझा हिलारिओ जिवंतपणी कुरकुरायचा त्याहून कमीच. गिनीपिगांना पिल्लं झालीत, स्वयंपाकघरात पाय टाकायला जागा नाही. एक पिल्लू तर थेट तुझ्या नवऱ्यासारखं आहे. खाऊन झालं की कोपऱ्यात तोंड करून झोपतं.

आता खरं लिहिते. ते लिहायचं जिवावर आलं म्हणून गिनीपिगांवर एवढी शाई घालवली. आपल्या नेलिदाला एदिल्बेर्तो मारतो.

मला कळलं तेव्हा रीतीप्रमाणे मी गेले. त्यांच्या लग्नात मी धर्माची आई झाले म्हणजे नवरा चुकला तर त्याला बसवून फैलावर घेणं माझंच काम. हिलारिओ असता तर दोघं गेलो असतो, आता एकटीच गेले. मेल्यानं गुडघे टेकले, माझ्या हाताचा मुका घेतला आणि असा रडला की शेवटी मीच त्याला डोळे पुसायला शालीचा पदर दिला. महिनाही झाला नाही, तर तुझी लेक भर उन्हात तोंडावरून शाल ओढून पाण्याला आली. मी शाल बाजूला केली. काय दिसलं ते लिहीत नाही.

तिथून तशीच काठीवाल्या मुखियाकडे गेले. तो म्हणाला, बेनेदिक्ता, माझी काठी उंबऱ्याबाहेरच्या भानगडींसाठी आहे. मी म्हटलं, मग तुझ्या कोंबड्या माझ्या उंबऱ्याच्या आत येतात, त्यांचं मी काय करू? हसला आणि कोकाची पानं चघळत बसला. बाकीचे पुरुषही तेच म्हणतात, घरातलं घरात.

मग आमच्या आयांच्या मंडळानं ठरवलं. गुरुवारी सूत कातायला बसतो तेव्हा ठरवलं. आपली घरं उतारावर विखुरलेली, नदीच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, पण छपरं सगळ्यांची सगळ्यांना दिसतात. तर जिच्यावर वेळ येईल तिनं निलगिरीच्या काठीला लाल फडकं बांधून दाराशी उभं करायचं. जिला दिसेल तिनं हातातलं काम टाकून धावायचं. लाल का, तर लांबून दिसतं आणि प्रत्येकीकडे जुना घागरा आहेच. नेलिदाला मी माझ्या लग्नाच्या घागऱ्याचा तुकडा दिला. किती हुशार झालोय बघ आम्ही!

तुझ्याकडे पाठवू का, असं तिला विचारलं. म्हणाली, मावशी, जमीन माझ्या बापाची, विटा मी थापल्या, छपराला सगळा गाव राबला. मग मीच का जाऊ?

कळावे. माया आहेच, ती लीमाच्या धुक्यात ओली करू नकोस.

तुझी ताई,
बेनेदिक्ता


लीमा, २० जून १९९६

ती. ताईस,

सा. न. तुझं पत्र वाचून दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. माझी पोर तिकडे मार खाते आणि मी इथे परक्यांची पोरं सांभाळते.

आणि तुम्ही सगळ्या वेड्या झाल्यात का गं? हुशार म्हणे! अख्ख्या मंडळात एकीलाही आठवू नये? आपल्या गावात काठीवर लाल फडकं म्हणजे घरात मक्याची आंबवलेली चिचा तयार आहे, या आणि प्या! तू स्वतः दर सणाला लावायचीस. ते बघून भाऊजी नदी ओलांडून आधी दुसऱ्यांच्या दारात जायचे आणि मग आपल्या, हे विसरलीस? माझ्या लेकीनं जिवाच्या आकांतानं ते फडकं लावलं आणि दारात दारुडे जमले तर? ताई, मला त्या विचारानं झोप नाही.

आमच्या टेकडीवरच्या वस्तीत बायकांच्या गळ्यात शिट्ट्या असतात. एकीनं वाजवली की शेजारीण वाजवते, मग गल्लीभर वाजतात आणि आम्ही सगळ्या दारात जाऊन उभ्या राहतो. तशा शिट्ट्या मेल्चोरबरोबर पाठवतेय. ते फडकं आधी काढून टाका. आणि नेलिदाला त्याच ट्रकमध्ये बसवून दे. तिचा हट्ट ऐकू नकोस. विटा काय, इथेही मिळतात.

तुझे गुडघे सांभाळ. लहान बहिणीवर राग धरू नकोस, लोभ तर धरच.

तुझी,
सतुर्नीना


उर्कोपाता, २८ जून १९९६

चि. सतुर्नीनास,

अ. आ. आधी एक ओळ वाच आणि श्वास सोड. नेलिदा बरी आहे. आत्ता माझ्या चुलीशी बसून उकडलेले बटाटे सोलतेय आणि मी काय लिहिते ते डोकावून बघतेय.

तुझं पत्र आणि शिट्ट्या काल मिळाल्या. तू म्हणतेस ते शंभर टक्के खरं. आम्ही गाढविणी. पण पत्र यायच्या आधीच रविवारी सगळं घडून गेलं.

दुपार होती. मी वरच्या शेतात बटाटे काढत होते. मान वर केली तर खाली नेलिदाच्या दारात माझा घागरा फडकतोय. गुडघ्याचं दुखणं तिथेच मातीत टाकलं आणि धावले. वाटेत मंडळातल्या बाया येऊन मिळाल्या. कोणाच्या हातात सुताची चाती, कोणाच्या हातात कुदळ. पण रविवार गं! फुटबॉल संपून पुरुष तहानलेले घरी चालले होते, त्यांनाही लाल फडकं दिसलं. ते जवळ, आम्ही लांब. आम्ही पोचेपर्यंत अंगण भरलेलं. म्हातारा कासिमिरो तर चिचा पिताना खेळायच्या बेडकाच्या खेळाच्या पितळी चकत्या खुळखुळवत उंबरा ओलांडून थेट आत, बाकावर जागा धरायला.

पुढचं त्याच्याच तोंडून ऐकलेलं. त्यानं हाक मारली, ए पोरी, मोठा ग्लास आण, आज आमची टीम हरलीय. आणि मग त्याला दिसलं. तुझी लेक भिंतीला टेकून, ओठ फुटलेला. एदिल्बेर्तोच्या हातात पट्टा. मागून मुखिया, त्याच्या मागून बाकीचे, सगळे आत.

एदिल्बेर्तो म्हणाला की इथे चिचा नाही, चालते व्हा. कासिमिरोनं बाकावर बसून टोपी मांडीवर ठेवली. म्हणाला, चिचा नाही ते दिसतंय रे. पण आता बसलोय ना, बसू दे. आणि तो पट्टा कमरेला बांध, विजार घसरेल.

एवढ्यात आम्ही घुसलो. मी त्याच्या हातातून पट्टा घेतला. खरं सांगू? आम्ही बायाच पोचलो असतो तर त्यानं दार लावून घेतलं असतं. पण अख्खा गाव उंबऱ्याच्या आत आल्यावर दार लावायचं कसं? मी मुखियाला विचारलं, तुझी काठी आता कुठे आहे बघ, आत की बाहेर?

दुसऱ्या दिवशी सभा. नेलिदा स्वतः बोलली. फुटक्या ओठानं, पण चाचरली नाही. म्हणाली, याआधीही मी ओरडले होते, दारावरून जाताना तुम्ही ऐकलं होतं, मला ठाऊक आहे. सगळ्यांनी माना खाली घातल्या. एदिल्बेर्तोला त्याच्या आईच्या वाडीवर पाठवलंय. घर नेलिदाचं. तिच्या उंबऱ्यावर पाय ठेवला तर त्याला गावात राहता येणार नाही, असं काठी जमिनीवर आपटून मुखिया बोलला. परवा आम्ही सगळ्या तिच्याबरोबर तालुक्याला तक्रार द्यायला गेलो. जाताना आणि येताना चात्या चालूच. तिथला शिपाई म्हणाला की एवढ्या बायका आत मावणार नाहीत. आम्ही म्हटलं, मावू. मावलो.

तेव्हा ट्रकमध्ये पोरीऐवजी बटाट्यांचं पोतं पाठवतेय. तिचा निरोप, की आई, तूच ये.

कळावे. रागव, पण फार नको. मायेला जागा ठेव.

तुझी गाढवीण,
बेनेदिक्ता


लीमा, १४ जुलै १९९६

ती. ताईस,

सा. न. तुझं पत्र आमच्या सामायिक स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचलं. पट्ट्याच्या ओळीला बायका इतक्या हसल्या की सूप उतू गेलं, आणि नेलिदाच्या ओळीला कोणीच हसलं नाही. एकजण म्हणाली की आमच्या गल्लीत पुरुष शिट्टी ऐकून खिडक्या लावतात, तुमच्या कासिमिरोला इकडे पाठवा.

तरी माझी धाकधूक जात नाही. एकदा आले ते फसून आले, ताई. आता त्यांना ठाऊक आहे की त्या दारात प्यायला काही मिळायचं नाही. पुढच्या वेळी लाल दिसलं तर येतील का? की म्हणतील, ते बायकांचं फडकं असेल, आपण पुढे जाऊ? रंग बदला. शिट्ट्या वापरा. माझी पोर कोणाच्या तहानेवर विसंबून राहू नये, एवढंच मला हवंय.

बटाटे पोचले. लोभाचं पोतं असंच भरून पाठवत जा.

तुझी,
सतुर्नीना


उर्कोपाता, ५ ऑगस्ट १९९६

चि. सतुर्नीनास,

अ. आ. तुझ्या शिट्ट्यांचं आधी सांगते. मंडळात वाटल्या. एक कासिमिरोनं मागून नेली आणि आता तो फुटबॉलचा पंच झालाय. दोन्ही टीमना शिव्या घालतो.

रंगावरून सभेत भांडण झालं. मी तुझं म्हणणं मांडलं. कोणी म्हणालं पांढरं लावा. पण पांढरं म्हणजे पाव तयार, मग पोरं टोपल्या घेऊन यायची. शेवटी कासिमिरो उठला. म्हणाला, लालच राहू द्या. चिचा असली तर पिऊ, नसली तर बसू. उठून जायचं नाही, एवढंच. पुरुषांनी हात वर केले. मला तुझी धाकधूक आठवत होती. म्हटलं, हात वर करायला काय जातं.

नेलिदालाही तेच वाटलं असणार. सभेतून घरी जाऊन तिनं मका भिजत घातला, हे मला मागाहून कळलं.

काल रविवारी मी अंगणात शाल झटकत होते. खाली तिच्या दारात लाल फडकं. काठी घेतली आणि निघाले. उतारावरून सगळीकडून माणसं. बाया चात्या घेऊन, पुरुष खेळ अर्धा टाकून, कासिमिरो शिट्टी फुंकत. कोणाच्याच हातात ग्लास नव्हता गं, हे मी नीट पाहिलं. मुखिया काठीसकट उंबरा ओलांडून माझ्या आधी आत.

आणि तुझी लेक चुलीशी उभी, मोठा घट पुढ्यात, गालावर राख. म्हणाली, मावशी, धाप कशाला टाकतेस, बस. चिचा केलीय. मी तिच्यावर असा काही तोंडाचा पट्टा सोडला की नदीपलीकडे ऐकू गेला असेल. ती ऐकून घेत राहिली. मग हळूच म्हणाली, मला बघायचं होतं, कोण कोण येतं ते.

पहिला घोट तिनं रीतीप्रमाणे जमिनीला दिला, दुसरा मला. पोरीनं पहिल्यांदाच केलेली, त्यात मका नीट मोडावलेला नव्हता. इतकी आंबट की माझे उरलेले दात शिवशिवले. कासिमिरोनं तोंड वेडंवाकडं केलं आणि म्हणाला, अजून एक दे.

अंधार पडेपर्यंत सगळे पीत बसले. एकही उठला नाही.

कळावे. तुझा लोभ असा आंबट असला तरी चालेल, मी बसून राहीन.

तुझी ताई,
बेनेदिक्ता