मुलींचा जिना

सोमवार, ४ नोव्हेंबर
कॅमेरे बसवायचं नवं काम, तेही माझ्याच जुन्या शाळेत. मुलांचा जिना वेगळा, मुलींचा वेगळा — अजून तसंच! पर्यवेक्षिका बाई म्हणजे आमच्या तेव्हाच्या वर्गशिक्षिका. मला ओळखलं नाही. बरंच झालं.
आराखडा पाहून म्हणाल्या, "मुलींच्या जिन्यावर कशाला? तिकडे मुलगे फिरकतच नाहीत. काय घडणार आहे तिथे?"
मी मान डोलावली. माझं जे काही घडायचं ते त्याच जिन्याच्या वळणावर घडलं होतं.
घरी हे सांगितलं. हसून हसून पुरेवाट!

बुधवार, ६
दहावीतल्या दोघी त्याच वळणावर हात धरून बसलेल्या कुणीतरी पाहिल्या. दुपारी फळ्यावर दोघींची नावं, खाली — "नवरा कोण?" वर्ग खिदळतोय. दोघींतली उंच, दोन वेण्यांची मुलगी उठली आणि सावकाश फळा पुसून जागेवर बसली. वायर ओढता ओढता मी पाहत होते.
लिहिणाऱ्याला कुणी काही बोललं नाही. बाई मला म्हणाल्या, "त्या जिन्यावर आता कॅमेरा हवाच. घरच्यांना दाखवता येईल."
आमचे मालक फोनवर: "आपण वायरी ओढायच्या. नसती उठाठेव नको!"

गुरुवार, ७
शिडीवर होते. दोन वेण्यांची ती मुलगी शिडीखाली येऊन थांबली.
"ताई, हा कुठपर्यंत बघतो?"
"वळणापर्यंत."
"मग आम्ही बसायचं कुठे?"
कॅमेरा परत खोक्यात ठेवला.

शुक्रवार, ८
बाईंना सांगितलं — तिथे लावणार नाही. काम काढून घ्यायचं तर घ्या.
"कारण?"
"तिथे मीही बसायचे. एका मुलीबरोबर."
बोलून टाकलं! आजवर बाहेर कुणाला सांगितलं नव्हतं.
बाई म्हणाल्या, "माहीत आहे. ओळखलं मी तुला, आल्या आल्याच. नववीत तुमच्या तुकड्या वेगळ्या केल्या, त्या मीच."
मी समजत होते, मार्कांवरून केल्या! तशीच निघाले. शिडी तिथेच राहिली.

शनिवार, ९
शिडी आणायला गेले. बाई जिन्यात उभ्या.
"ती कुठे असते गं आता?"
"माझ्या घरी."
बाई कठडा धरून पायरीवर टेकल्या. "म्हणजे मला काही जमलं नाही."
"नाही जमलं, बाई."
बाई उठल्या. मग, "शिडी फाटकाकडे ने."
कॅमेरा फाटकावर बसवला. तोंड रस्त्याकडे.