उलटं पळालेलं इंजिन

मंगळवार, संध्याकाळ

रेवाच्या बापाच्या मॉडेल रेल्वे इंजिनात आज नवं कंट्रोल सर्किट बसवलं. रिमोटवर पुढचं बटण दाबलं, तर इंजिन मागं पळालं. म्हातारा ओरडला, "तुझ्या इंजिनिअरिंगसारखंच की रे! अर्ध्यातनं माघारी!"

आणि रेवा हसली.

मोटरच्या दोन वायरी उलट्या लागल्यात, एवढंच. दोन मिनिटांचं काम. पण टॉर्च तिनं धरलेली, माझं लक्ष वायरींवर कुठलं? आणि तीच हसली! का हसली?

डोकं फिरलं. इंजिन तसंच उघडं टाकून निघून आलो. करू दे म्हाताऱ्यानं स्वतः.

झाकणाचा बारका स्क्रू मात्र माझ्या खिशात आलाय. म्हातारा मागायला आला तर मेलो तरी देणार न्हाय. ती आली तर आधी विचारीन, हसलीस का. मग वायरीसुद्धा बदलून देईन.