मनूच्या अंगठीचा गुलाबी खडा

शहापूर, ता. ४ मार्च १९३६

चि. सौ. चंपास अण्णाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मागाची फणी, धोटा, गुंजा तोलायचा काटा आणि चष्म्याच्या दोन काचांचं भिंग, एवढं मी या हातांनी केलंय. शिकवलं कुणी न्हाय. तेव्हा माझ्या भाचीच्या, मनूच्या होणाऱ्या नवऱ्यासाठी तू निपाणीत घेऊन माझ्याकडं धाडलेला खडा मी पारखला, म्हणजे पारखला. पावणेतीन रती भरला. तोंडात धरला, बराच वेळ गारच. काच लगेच ऊन होते. भिंगात बुडबुडा न्हाय, रेघा सरळ. कारखान्याच्या खड्यात त्या वाकतात. मागावर बसूनच पाहिला, लालभडक. माणिकच. विहीणबाईंना बेलाशक सांग. अंगठी घडवून सोबत धाडली आहे.

माया आहेच, ती चढती ठेव.
बसवंत

निपाणी, ता. ९ मार्च

ती. अण्णांस चंपाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमच्या भरवशावर मी राजाबाई विहीणबाईंना माणिक म्हणून सांगून बसले. त्यांनी अंगठी दारात उजेडाला धरली आणि माणिक असा गुलाबी कधीपासनं व्हायला लागला, असं विचारलं. माझी मान खाली. अंगठी ठेवून घेतलीय. आधी जाब, मग टिळा म्हणाल्या. मनू दोन दिवस धड जेवली न्हाय. अण्णा, तुमचं भिंग लई हुशार, पण त्या दिवशी मागावर काय लावलं होतं ते जरा आठवा.

रागावला तरी पत्र धाडा.
चंपा

शहापूर, ता. १२ मार्च

चि. सौ. चंपास आशीर्वाद. वि. वि.

कुंकवाच्या रंगाच्या रेशमाचा ताणा होता. त्याचीच लाली खड्यात उतरली. रेशमाचा रंग जुळवताना मी दारात, पांढऱ्या धोतरावर ठेवून बघतो. खडा बघताना ती अक्कल कुठं गेलती कोण जाणे. तो गुलाबी नीलम. दोघांची जात एकच, कुरुंद दगडाची. गडद लाल तो माणिक, फिका तो नीलम. खडा अस्सल आहे, नाव मी चुकवलं. खाली लाल डाक, म्हणजे चकचकीत वर्खाचा तुकडा, बसवली तर माणिक म्हणून खपेल, असं इथला कारागीर म्हणतो. मी न्हाय म्हटलं. हे पत्र विहीणबाईंना वाचून दाखव. चूक माझी, पोरीची न्हाय. त्यांना नको असेल तर माझा दुसरा माग विकून माणिक घेतो.

अण्णावरचा जीव कमी करू नको.
बसवंत

निपाणी, ता. १८ मार्च

ती. अण्णांस शि. सा. नमस्कार. वि. वि.

वाचून दाखवलं. नीलम म्हटल्यावर विहीणबाई दचकल्या; शनीचा खडा. लाभतो का बघायला रिवाजाप्रमाणं तीन दिवस होणाऱ्या जावयांच्या, ज्योतिबांच्या उशाला ठेवला. तिसऱ्या दिवशी त्यांची म्हैस व्याली, रेडी झाली. आता विहीणबाई अंगठी हातातनं सोडीनात. पाडवा झाला की टिळा. भिंगापेक्षा म्हशीची पारख मोठी, असं मनू म्हणते. मी तिला दटावलं, पण हसू आलंच.

टिळ्याला या, भिंग घरी ठेवा.
चंपा

शहापूर, ता. २२ मार्च

चि. सौ. चंपास आशीर्वाद. वि. वि.

म्हशीचे दिवस भरले होते, ती व्यायचीच होती. खड्याचा काही संबंध न्हाय, हे विहीणबाईंना स्पष्ट सांग. टिळा झाल्यावर सांग. मी येतो, भिंगासकट.

मनूला माझे लाड.
बसवंत

ता. क. काल गोऱ्यांच्या कॅम्पातले एक सराफ घरी आले. एका मडमेला असाच गुलाबी खडा पाहिजे आहे. अंगठी परत मागवून घ्या म्हणाले. चहा पाजला आणि खडा मनूच्या घरचा झालाय म्हणून सांगितलं. रोख दीडशे रुपये देत होते.