खापर तापलं की नाही

तीर्थस्वरूप सुनंदावहिनी यांस,

रावेरहून तुमच्या नणंदेचा, ताईबाईचा, वाकून नमस्कार. (खरंतर वाकले नाही. वाकलं की उठवायला दोन माणसं लागतात. मनातून वाकले असं समजा.) तुमचे गुडघे, हिलालदादांचा दमा आणि तुमची ती मारकी म्हैस, तिघांची खुशाली कळवा. आमच्याकडे बठ्ठं ठीक शे. (मी ‘शे’ सांगते, रूपा ‘आहे’ लिहिते. हे एवढं एक तिला दटावून तसंच ठेवायला लावलं. पिंपळनेरची पोर आहे मी, कागदावर कुठेतरी दिसायला हवं.) रूपा म्हणजे माझ्या नवलची मुलगी, जळगावला नर्सिंग शिकते, सुट्टीला आली आहे. अक्षर तिचं, जीभ माझी.

आता ठीक म्हटलं ते पत्रात म्हणायचं असतं म्हणून. झालं असं की होळीला नेहमीसारखं चुलीवर खापर पालथं घातलं. पुरणाची पोळी, आपला मांडा, दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत लांबवली, खापरावर टाकली, आणि ज्योती, माझी सून, एकदम ओरडली, “आत्याबाई, हात!” मी म्हटलं, काय झालं हाताला? वास मलाही आला होता, पण मला वाटलं पोळी लागली. बघते तर करंगळी खापराला टेकलेली, कातडी पांढरी पडलेली, आणि मी पोळीकडे बघत बसलेली. वहिनी, खापर तापलं की नाही हे सगळ्या गल्लीला मी वरून नुसता हात फिरवून सांगत आले. आता हात तिथे पोचतो, पण बातमी माझ्यापर्यंत येत नाही. पायांचं तर कधीपासूनच असं आहे. चप्पल पायात आहे की उंबऱ्याजवळ राहिली, हे खाली बघितल्यावर कळतं. पण पायांनी पोळ्या करायच्या नसतात, म्हणून मी बोलले नव्हते.

मग नवलने मला गाडीत घालून, ज्योती-रूपाला बरोबर घेऊन, जळगावला नेलं, नसांच्या डॉक्टरांकडे. सकाळपासून बसलो तेव्हा दुपारी नंबर आला. तोवर मला बाकी सगळे आजार झाले होते. डॉक्टर पोरगेलासा, पण बोलायला गोड. त्यांनी मला डोळे मिटायला लावले आणि एक बारीक दोरा आधी पायाच्या, मग हाताच्या बोटांना लावत विचारायला लागले, कळतंय का आजी? मी म्हटलं हो. पुन्हा विचारलं, हो. पुन्हा, हो हो. कळत काहीच नव्हतं, पण नाही म्हटलं तर खापर हातातून जाईल हे मात्र चांगलं कळत होतं. शेवटी ते म्हणाले, “आजी, मघापासून दोरा माझ्या खिशात आहे.” नवल छताकडे बघायला लागला.

पुढे हातोडी काढली. गुडघ्याखाली ठोकलं की पाय आपोआप उडतो म्हणे. माझा उडेना. म्हटलं निदान इथे तरी पास व्हावं, म्हणून मीच उडवला. जरा उशिरा उडाला आणि जरा जोरात. नवल फाईल उचलायला पुढे वाकला होता, त्याच्या हनुवटीला लागला. (लहानपणी त्याला कधी मारलं नाही. ते असं फिटलं.)

माझं कुठे चुकलं ते परतीच्या वाटेवर रूपाने समजावलं. मेंदू म्हणजे, वहिनी, कवटीच्या अंधाऱ्या खोलीत बसलेली सासू. स्वतः कुठे जात नाही, पण घरातलं सगळं तिला कळायला हवं. (मेंदूला स्वतःला चिमटा काढला तर दुखत नाही म्हणे. यावर ज्योती नुसती हसली.) पाठीच्या मणक्यांतून खाली मज्जारज्जू उतरतो, ती थोरली सून. तिच्यापासून हातापायांपर्यंत बारीक बारीक नसा गेलेल्या. काही नसा बातमी वर नेतात, गरम लागलं, टोचलं, ओलं आहे. काही हुकूम खाली आणतात, उचल, सोड, पळ. आणि चटका बसला किंवा गुडघ्यावर ठोकलं, तर थोरली सून सासूला विचारत बसत नाही. परस्पर हात मागे घ्यायला लावते, मग वर कळवते. मी तो पाय सासूला विचारून उडवला, म्हणून पकडले गेले. मागच्या बाजूला एक छोटा मेंदूही आहे, तो तोल सांभाळतो, आणि श्वास, काळीज, पोट यांचा कारभार तर आपण झोपलो तरी चालूच. एवढी माणसं माझ्या अंगात राबत होती आणि इतक्या वर्षांत कुणी साधा चहा मागितला नाही.

मला हे सगळं आपल्या केळीच्या ठिबकसारखं वाटलं. विहिरीपासून मोठा पाईप, त्यातून बारीक नळ्या, आणि क्षार धरला की आधी टोकाची झाडं सुकतात. (ठिबकमध्ये पाणी नुसतं पुढे जातं, इथे निरोप परतही येतो, असं रूपा म्हणते. म्हणू दे.) डॉक्टरही तेच म्हणत होते, रक्तातल्या वाढलेल्या साखरेमुळे लांबच्या नसा आधी बिघडतात. म्हणून मी सरळ विचारलं होतं, आमच्या नळ्या चोंदल्या की नवल त्यातून ॲसिड सोडतो, तुमच्याकडे तसलं काही आहे का? डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. ॲसिड नाही, आजी. गोळ्या आहेत, साखर आवरायची आहे, रोज पाय तपासायचे आहेत. गेलं ते परत येईलच असं नाही, पण पुढचं वाचवता येईल. आणि विस्तवापासून जपा.

नवलने एवढं शेवटचंच ऐकलं. घरी आल्या आल्या खापर उचलून माळ्यावर ठेवलं. मी दमले होते, आडवी झाले. आता आखाजीला, म्हणजे रूपाच्या भाषेत अक्षय्य तृतीयेला, लेक कुंदा सुरतेहून माहेरी येणार, झोका घेणार आणि दोन घास माझ्या हातचे खाणार, तर ज्योती म्हणते, बचत गटातून मांडे विकत आणू. चांगले असतात, प्लॅस्टिकमध्ये घालून देतात. वहिनी, प्लॅस्टिकमध्ये.

असो. बोलूनही माणूस इतकं दमतं हे आधी माहीत नव्हतं. दादांना नमस्कार, म्हशीला दुरूनच.

तुमची,
ताईबाई

ता. क. कुंदाच्या लग्नात तुमच्या हातच्या मांड्यांना मी सगळ्यांसमोर गोधडी म्हणाले होते. ते मी मागे घेत नाही. गोधड्याच होत्या.

ता. क. दुसरा. तरी आखाजीच्या आठ दिवस आधी या. म्हैस दादांवर सोडा. खापर माळ्यावरून काढायचं नवलला तुम्ही सांगा, मामीला तो नाही म्हणायचा नाही. तुमच्या बोटांना अजून भाजतं, एवढा गुण मला पुरे. मी शेजारी पाटावर बसून सांगेन, तुम्ही हात फिरवून कळवा तापलं की नाही, मग मी सांगेन, टाका. सासू मी, बोटं तुमची. मधली थोरली सून व्हायला रूपा तयार आहे.

ता. क. तिसरा. खाली तीन अंगठे दिसतील. पहिला पुसटसाच उठला, कारण टेकला की नाही ते मला समजेना. दुसरा इतका दाबला की शाई पसरली. तिसरा नीट आहे, तो रूपाने माझा हात धरून उठवला. तिसरा बघून दादांना सांगा की ताईचं बरं आहे, आणि पहिले दोन बघून तुम्ही निघा.