नळीतली काजळी

प्लेनो, टेक्सास

आदरणीय बाबा,

तुम्हाला नि आईला मनापासून जय भीम. मी ठीक आहे, ऑफिस सुरू आहे. आईचा गुडघा कसा आहे?

तुम्ही पोलीस शस्त्रागारात रायफली साफ करायचात. इथल्या क्लबात मी त्याहून जुन्या पद्धतीची रायफल चालवते. तिच्या काडतुसात काळी दारू असते. प्रत्येक गोळीनंतर नळीत काजळी बसते, कोरड्या हवेत ती कडक होते आणि पुढची गोळी भरकटते. म्हणून काडतूस काढलं की मागून ट्यूब लावून नळीत फुंकायचं. श्वासाच्या ओलाव्याने काजळी मऊ राहते.

शनिवारी मॅच होती. सहावी गोळी टार्गेटच्या बाहेर गेली. माझ्या शेजारी नेम धरून बसलेली हेलन, सत्तरीची बाई, म्हणाली, "तू दोनदाच फुंकतेस. आज हवा फार कोरडी आहे, सहा वेळा तरी फुंकावं लागेल."

चौथ्या फुंकेलाच मला धाप लागली, खोकला थांबेना. जानेवारीत न्यूमोनिया झाला होता, बाबा. तुम्हाला कळवलं नव्हतं.

तिने पाणी दिलं. "घरी माहीत आहे?" तिने विचारलं. मी मान हलवून नाही म्हणाले.

मग मी फुंकणं सोडलं. दर गोळीनंतर गजाने नळीत आधी ओलं फडकं, मग कोरडं फिरवलं. वेळ लागला, पण उरलेल्या चारही गोळ्या लागल्या.

सोमवारी पुन्हा एक्स-रे आहे. हेलन सोबत येणार आहे. आईला तुम्हीच समजावून सांगा. फोनवर मी मधेच आवाज बंद करते, तो खोकला लपवण्यासाठी. म्हणून हे लिहून कळवलं.

तुमची,
मैत्री